युद्धनौकेवरच्या कादंबरीत कॅप्टन असतो कुठे?

समुद्री युद्धकादंबरीचा विषय निघाला की हल्ली वाद ठरलेल्या वळणाने जातो. एक पक्ष म्हणतो, शिडं उतरली तेव्हाच या प्रकारातला जीव गेला; पडद्यापुढे बसून बटण दाबणाऱ्याची कसली आली साहसकथा? दुसरा पक्ष चवताळतो आणि क्षेपणास्त्रांचे पल्ले, रडारांची नावं, टॉर्पेडोंचे वेग अशी जंत्रीच पुढ्यात टाकतो: बघा, आहे की नाही थरारक! पहिल्याला वाटतं तंत्रज्ञानाने गोष्ट मारली, दुसऱ्याला वाटतं तंत्रज्ञान हीच गोष्ट. दोघंही यंत्राकडे बघत भांडताहेत. ज्याच्यामुळे ही कादंबरी वाचावीशी वाटते त्या माणसाकडे, म्हणजे जहाजाच्या कॅप्टनकडे, दोघांचीही पाठ आहे.

युद्धनौकेचं नेतृत्व हा कादंबरीचा विषय म्हणून आज शिडांच्या काळाइतकाच कसदार आहे, कदाचित काकणभर जास्तच, असं माझं मत आहे. शिडं आणि तोफा हा या कादंबरीचा विषय कधी नव्हताच. दुसऱ्याच्या डोळ्या-कानांवर विसंबून, अर्धवट आणि बरेचदा चुकीच्या माहितीवर, मागे घेता न येणारा हुकूम द्यायचा आणि त्याचं उत्तरदायित्व एकट्याने घ्यायचं, हा तिचा विषय. आजची बरीच पुस्तकं फसतात हे खरंच आहे. पण ती फसतात ते तपशील फार असतात म्हणून नव्हे. त्यातला एकही तपशील कॅप्टनच्या निर्णयाच्या आड येत नाही, म्हणून फसतात.

आता सगळं संपलं, ही ओरड नवी नाही. वाफेची इंजिनं आली तेव्हा दर्यावर्दीपणा बुडाला म्हणून गळे काढले गेले. त्याच वाफेच्या काळातली २२ जून १८९३ ची दुपार घ्या. भूमध्य समुद्रात, आजच्या लेबनॉनमधल्या त्रिपोलीजवळ, ब्रिटिश ताफा दोन रांगांत चालला होता. व्हाइस अॅडमिरल ट्रायन यांनी दोन्ही रांगांना एकमेकींच्या दिशेने आत वळायचा हुकूम दिला. रांगांमधलं अंतर होतं सहा केबल, म्हणजे साधारण अकराशे मीटर. जहाजांच्या वळणाचा घेर बघता एवढ्यात दोन्ही बाजूंची वळणं मावणार नाहीत, हे गणित जहाजाच्या पुलावर, म्हणजे जहाज चालवतात त्या उंच मंचावर, उभ्या असलेल्या अधिकाऱ्यांना कळत होतं. एकाने आठ केबल तरी हवेत असं सुचवलंही. ट्रायन हो म्हणाले आणि नंतर पुन्हा सहावरच आले. दुसऱ्या रांगेतले रिअर अॅडमिरल मार्कम बावचळले, त्यांनी निशाणाला लगेच होकार दिला नाही. तेव्हा भर ताफ्यादेखत त्यांना विचारणा झाली, कशासाठी थांबला आहात? त्यांनी होकार दिला. काही मिनिटांत त्यांच्या कॅम्परडाउन जहाजाची पाण्याखालची सोंड ट्रायन यांच्या व्हिक्टोरियात घुसली. ट्रायन यांच्यासह ३५८ माणसं गेली. ना शीड, ना तोफेचा बार, ना शत्रू, ना वादळ. लख्ख उजेड, सपाट समुद्र, आणि प्रत्येकाच्या मनात तोच प्रश्न: साहेबांना काही ठाऊक असेल का, जे आपल्याला ठाऊक नाही? या प्रसंगात कादंबरी नाही असं कोण म्हणेल? (व्हिक्टोरियावर तापाने फणफणलेला एक अधिकारी वाचला. त्याचं नाव जेलिको. तेवीस वर्षांनी जटलंडच्या लढाईत अख्खा ब्रिटिश ताफा त्याच्या हुकुमाखाली होता.)

विरोधकांचा सगळ्यात जोरकस मुद्दा मात्र आधी कबूल करायला हवा. शिडांच्या काळात शत्रू दिसत असे. ६ मे १८०१ ला ब्रिटिश नौदलातल्या लॉर्ड कॉकरेनच्या स्पीडी या चिमुकल्या जहाजाने एल गामो ही ३२ तोफांची स्पॅनिश युद्धनौका पकडली. स्पीडीवर चार-चार पौंडी गोळे टाकणाऱ्या १४ तोफा आणि ५४ माणसं, समोर ३१९. कॉकरेनने जहाज इतकं खेटून लावलं की स्पॅनिश तोफांचे गोळे डोक्यावरून जाऊ लागले, आणि मग सुकाणूवर जहाजाच्या डॉक्टरला उभं करून बाकी सगळ्यांना घेऊन तो पलीकडच्या डेकवर चढला. अशा प्रसंगात निर्णय आणि त्याचं फळ एकाच नजरेच्या टप्प्यात येतं. लेखकाला आयतं ताट मिळतं. आजच्या युद्धात शत्रू म्हणजे क्षितिजापलीकडून आलेला एक ठिपका. चेहरा नाही, हाक नाही, तलवारीला तलवार नाही. हे नुकसान खरं आहे आणि कितीही स्फोट लिहिले तरी ते भरून निघत नाही.

पण त्या बदल्यात काय मिळालं ते बघायला थोडा हिशेब मांडावा लागेल. रडारचा अँटेना पाण्यापासून २५ मीटरवर आहे आणि जहाजभेदी क्षेपणास्त्र लाटांवर चार मीटर उंचीने येतंय असं धरा. पृथ्वीच्या गोलाईमुळे ते साधारण २९ किलोमीटरवर आल्याशिवाय रडारला दिसूच शकत नाही. सेकंदाला ३०० मीटर हा त्याचा वेग. म्हणजे पहिला ठिपका उमटल्यापासून जहाजावर आदळेपर्यंत जेमतेम दीड मिनिट. अँटेना पाचेक सेकंदांत एक फेरी घेत असेल तर ठिपका खरा की लाटांचा कचरा, हे ठरायला दोन-तीन फेऱ्या जातात. ऑपरेटरने तोंड उघडायचं, हवाई संरक्षण अधिकाऱ्याने तो आपला की परका ते बघायचं, शस्त्र नेमून द्यायचं. शत्रूच्या क्षेपणास्त्राला चकवणारा धातूच्या तंतूंचा ढग, म्हणजे चॅफ, उडवला तरी तो हवेत पसरायला काही सेकंद लागतात, आणि वारा कुठून आहे त्याप्रमाणे जहाजही वळवावं लागतं, नाहीतर ढग एकीकडे आणि आपण भलतीकडे. शेवटची आशा म्हणजे धडाधड गोळ्या झाडणारी स्वयंचलित तोफ. तिच्या हाती उरतात शेवटचे दीड-दोन किलोमीटर, म्हणजे पाच-सहा सेकंद. या सगळ्यातून कॅप्टनच्या स्वतःच्या वाट्याला वीस-पंचवीस सेकंद आले तरी खूप. म्हणजे त्याने खरा निर्णय या दीड मिनिटाच्या कितीतरी आधी घेतलेला असावा लागतो: कोणाला कोणत्या मर्यादेपर्यंत न विचारता शस्त्र चालवायची मुभा द्यायची, कोणतं यंत्र स्वयंचलित ठेवायचं, कोणाला कधी झोपू द्यायचं.

४ मे १९८२ ला, ब्रिटन-अर्जेंटिना युद्धात, फॉकलंड बेटांजवळ एचएमएस शेफिल्ड या ब्रिटिश युद्धनौकेवर हेच घडलं. उपग्रहाशी संपर्क चालू असताना त्या यंत्राच्या लहरींमुळे शत्रूच्या रडारची चाहूल घेणारं जहाजाचं उपकरण बहिरं झालं होतं. शेजारच्या ग्लासगो या जहाजाने इशारा दिला; पण दिवसभरात खोट्या इशाऱ्यांचा इतका मारा झाला होता की ताफ्याने तोही त्याच खात्यात जमा केला. शेफिल्डचा हवाई संरक्षण अधिकारी त्या वेळी ऑप्स रूममध्ये, म्हणजे लढाई जिथून चालवतात त्या खोलीत, नव्हता. चॅफ उडालाच नाही. २० माणसं गेली आणि ओढून नेत असताना सहा दिवसांनी जहाज बुडालं. आता यातला नाट्याचा क्षण कुठला? क्षेपणास्त्र धडकलं तो? मला तरी तो दुपारच्या खोट्या इशाऱ्यांपैकी तिसरा किंवा चौथा इशारा वाटतो. प्रत्येक वेळी सगळ्यांना धावायला लावलं तर संध्याकाळपर्यंत माणसं गळून जातात. नाही लावलं तर एखादा इशारा खरा निघतो. कुठे थांबायचं हे कुठल्याही पुस्तिकेत लिहिलेलं नसतं.

हाच पेच पर्शियन आखातात चौदा महिन्यांच्या अंतराने दोनदा पडला, आणि दोन्ही वेळा उत्तर चुकलं, उलट्या दिशांनी. १७ मे १९८७ ला अमेरिकी फ्रिगेट स्टार्ककडे एक इराकी विमान येत होतं. इराक शत्रू नव्हता, अशी विमानं रोज येत-जात. कॅप्टन ऑप्स रूममध्ये नव्हता, जवळून मारा करणारी स्वयंचलित तोफ सज्ज ठेवलेली नव्हती, चॅफही तयार नव्हता. दोन एक्झोसे क्षेपणास्त्रं येऊन धडकली. पहिलं फुटलंच नाही, पण त्याच्या उरलेल्या इंधनाने आग भडकली, दुसरं फुटलं. ३७ खलाशी मेले आणि कॅप्टनची कारकीर्द तिथे संपली. या घटनेनंतर त्या पाण्यात जाणाऱ्या प्रत्येक कॅप्टनच्या मनात काय पेरलं गेलं असेल?

३ जुलै १९८८. अमेरिकी क्रूझर विन्सेन्स त्याच आखातात इराणी गनबोटींशी लढतेय. पुढची तोफ अडकली आहे. मागची तोफ लागू पडावी म्हणून जहाज वेगात गर्रकन वळवलं जातंय, एका कुशीवर कलतंय, ऑप्स रूममधल्या पुस्तिका आणि सामान घरंगळतंय. अशात बंदर अब्बासहून एक विमान उडतं. तो विमानतळ नागरी आणि लष्करी असा दोन्ही. कोणीतरी म्हणतो, लढाऊ विमान आहे. विमान खरोखर वर चढत होतं आणि जहाजाच्या संगणकाने तशीच नोंद ठेवली. पण कॅप्टनच्या कानावर पडत होतं की ते खाली येतंय, आपल्याच दिशेने. मोठ्या पडद्यावर उंची वाढतेय की घटतेय हे एका दृष्टीत कळत नव्हतं. छोट्या आकड्यांची एकामागून एक तुलना करावी लागत होती. रेडिओवरचे बहुतेक इशारे लष्करी फ्रिक्वेन्सीवर गेले, आणि त्या प्रवासी विमानात ती ऐकण्याची सोयच नव्हती. उड्डाणापासून सात मिनिटांत एअरबस पाडली गेली. २९० माणसं, आणि त्यात लहान मुलंही. जवळच साइड्स नावाची दुसरी अमेरिकी फ्रिगेट होती. तिच्या कॅप्टननेही तोच ठिपका पाहिला होता. विमान चढतंय, त्याचं नेम धरणारं रडार चालू नाही, तेव्हा धोका नाही, असं ठरवून त्याने लक्ष दुसरीकडे वळवलं होतं.

एकच ठिपका, एकच नौदल, दोन कॅप्टन. यंत्रांनी माणसाचं काम संपवलं म्हणणाऱ्यांनी या दोन ऑप्स रूम शेजारी ठेवून बघाव्यात. त्या काळातली जगातली सर्वात प्रगत यंत्रणा ज्या जहाजावर होती तिथेच चूक झाली, आणि साध्या जहाजावरचा माणूस बरोबर ठरला. साइड्सच्या कॅप्टनला सर्वस्वी शहाणा आणि विन्सेन्सच्या कॅप्टनला खलनायक ठरवून मोकळं होणं सोपं आहे. वाईट कादंबरी तेच करेल. चांगली कादंबरी वाचकाला विन्सेन्सच्या अंधाऱ्या खोलीत, कलत्या डेकवर, कानात स्टार्कचे ३७ घेऊन बसवेल, आणि पडद्यावरचं जे कॅप्टनला दिसत नव्हतं ते वाचकालाही दिसू देणार नाही. मग ‘मी असतो तर’ हे वाक्य घशात अडकतं.

दुसरा मोठा आक्षेप स्वातंत्र्याचा. पूर्वीचा कॅप्टन बंदर सोडलं की सहा-सहा महिने राजा असे. आज उपग्रहाच्या दोरीने राजधानीतून त्याचे हात-पाय हलवतात. यात तथ्य आहे. पण दोरी लांब असली की तिला गाठी पडतात. २ मे १९८२ ला ब्रिटिश पाणबुडी काँकररने अर्जेंटिनाची जनरल बेल्ग्रानो ही युद्धनौका बुडवली. बेल्ग्रानो ब्रिटनने जाहीर केलेल्या निषिद्ध क्षेत्राच्या बाहेर होती, म्हणजे चालू नियमांत हल्ला बसत नव्हता. ताफ्याचे प्रमुख वुडवर्ड यांनी आपल्याला अधिकार नसताना थेट पाणबुडीला हल्ल्याचा हुकूम धाडला, तो इंग्लंडमधल्या मुख्यालयाने मधेच काढून घेतला, तोवर लंडनमध्ये मंत्र्यांनी नियम बदलले, आणि बदललेला हुकूम पाणबुडीवर नीट उतरेना, कारण तिच्या रेडिओच्या डोलकाठीत बिघाड होता. एवढ्या वेळात पाणबुडीला शत्रूच्या मागावरही राहायचं आणि संदेशासाठी वरही यायचं. शेवटी कॅप्टनने नवे टायगरफिश बाजूला ठेवून दुसऱ्या महायुद्धाच्याही आधीच्या बनावटीचे मार्क ८ टॉर्पेडो वापरले, कारण नव्यांचा भरवसा नव्हता. ३२३ माणसं मेली आणि निर्णय योग्य होता का यावर ब्रिटनच्या संसदेत वर्षानुवर्षं भांडणं झाली. दूरवरून येणाऱ्या हुकुमाने कॅप्टनचा एकटेपणा कमी होतो हे म्हणणं म्हणूनच भाबडं आहे. हुकूम दुसऱ्याचा, हात आपला: शिडांच्या काळातल्या कॅप्टनला हा ताप इतक्या जवळून माहीत नव्हता.

आता दुसऱ्या पक्षाकडे, म्हणजे तपशिलाच्या भक्तांकडे वळू. त्यांच्या पुस्तकांत शस्त्रांची नावं बिनचूक असतात आणि जहाज मात्र खोटं असतं. लढाई सुरू झाली की कॅप्टन पुलावर दुर्बीण घेऊन उभा; खरं तर त्या वेळी त्याची जागा खाली ऑप्स रूममध्ये, खिडकी नसलेल्या खोलीत असते, आणि पुलावर पाळीवरचा अधिकारी जहाज चालवत असतो. जहाज कायम पूर्ण वेगात. पण वेग दुप्पट करायचा तर शक्ती साधारण आठपट लागते, म्हणजे मैलामागे इंधन चौपट, आणि दोन दिवसांत तेलाच्या जहाजाची वाट बघत बसायची पाळी. रडार कायम चालू. जणू आपलं रडार म्हणजे आपला पत्ता, हे शत्रूला कळतच नाही. आणि पाण्यातल्या आवाजावरून पाणबुडी शोधणारं सोनार तर जादूचा आरसाच. प्रत्यक्षात दुपारच्या उन्हाने पाण्याचा वरचा थर तापला की ध्वनीलहरी खाली वाकतात आणि सकाळी बऱ्यापैकी ऐकू येणारं सोनार दुपारी अर्धं बहिरं होतं. उष्ण समुद्रात काम करणाऱ्या पाणबुडीविरोधी जहाजांची ही रोजची डोकेदुखी आहे.

ही डोकेदुखी किती महागात पडते ते आपल्याच किनाऱ्याने पाहिलंय. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ आयएनएस खुकरी आणि किरपाण पाकिस्तानी पाणबुडीच्या शोधात होत्या. जहाज वेगात असलं की स्वतःच्याच आवाजाने आणि घासणाऱ्या पाण्याने सोनारचे कान भरतात. हळू असलं की ऐकू जास्त येतं, पण पाणबुडीला नेम धरणं सोपं जातं. वेगात नागमोडी जा आणि आंधळे राहा, की हळू जा आणि ऐका? सोनारची पोहोच वाढावी म्हणून खुकरीचा वेग उतरवलेला होता, असं नौदलाच्या इतिहासात नोंदलेलं आहे. हँगोर या पाणबुडीचा पहिला टॉर्पेडो किरपाणवर फुटला नाही. दुसऱ्याने खुकरीचा वेध घेतला. काही मिनिटांत जहाज बुडालं. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले, आणि कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच गेले. मुल्लांचं बलिदान आपण भाषणांत सांगतो, ते सांगावंच. पण कादंबरीकाराने त्याच्या आधीच्या तासात शिरायला हवं: वेगाचा तो आकडा ठरवताना त्यांच्यापुढे काय काय होतं? तिथे तापमानाच्या थराचा तपशील लागतो, सोनारच्या स्वभावाचा लागतो. तपशील हवाच, पण तो कॅप्टनच्या गळ्याशी आलेला हवा. पाणबुडीच्या बाजूने लिहिणाऱ्यालाही तेवढंच साहित्य आहे; पहिला वार फुकट गेल्यावर, आपण उघडे पडल्यावर, पळायचं की पुन्हा मारायचं?

लढाईतच सगळं आहे असंही नाही. १४ एप्रिल १९८८ ला सॅम्युएल बी. रॉबर्ट्स ही स्टार्कच्याच वर्गातली फ्रिगेट इराणी सुरुंगावर गेली. कणा मोडला, इंजिनघरात पाणी, वर आग. आग विझवायचा एक होज मिनिटाला साधारण साडेतीनशे लिटर पाणी ओततो, म्हणजे तासाला २१ टन; दहा होज लावले तर २१० टन, आणि ते पाणी बाहेर जात नाही, जहाजातच साचतं. वरच्या डेकवर साचलं तर आणखी वाईट: जहाज जरा कललं की ते सगळं खालच्या बाजूला धावतं आणि कल वाढवतं. चार हजार टनांचं जहाज अशाने आगीतून वाचून पाण्यात जाऊ शकतं. कॅप्टन पॉल रिन यांनी आधी पूर थोपवायचा निर्णय घेतला. माणसं लाकडाचे टेकू, गाद्या, मिळेल ते घेऊन भिंतींना भिडली, आणि फाकत चाललेला सांगाडा पोलादी दोरांनी आवळून बांधला. एकही मृत्यू नाही. मुंबईकरांना हे गणित परकं वाटू नये. २१ जुलै २०२४ ला नौदल गोदीत आयएनएस ब्रह्मपुत्राला आग लागली; दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ती आटोक्यात आली आणि दुपारी जहाज डाव्या बाजूला कललं ते त्या वेळी सावरता आलं नाही. एक खलाशी गेला. शत्रू नसलेल्या, बंदरात उभ्या असलेल्या जहाजावरही ‘आता पाणी थांबवा’ हे म्हणायचं कुणी आणि केव्हा, हा प्रश्न असतोच.

आणि ‘बटण दाबण्या’बद्दल एवढंच: २१ ऑगस्ट २०१७ ला सिंगापूरजवळ जॉन एस. मकेन या विनाशिकेवर सुकाणू आणि इंजिनाचा वेग यांचा ताबा वेगवेगळ्या टचस्क्रीनवर वाटला जात असताना सुकाणूवरच्या माणसाला वाटलं, सुकाणू गेलं. ते गेलं नव्हतं, शेजारच्या पडद्यावर सरकलं होतं. मग वेग कमी करताना दोन पंख्यांपैकी एकाचाच कमी झाला, जहाज टँकरच्या वाटेत वळलं, दहा जण मेले. पुढे अमेरिकी नौदलाने वेगनियंत्रणासाठी टचस्क्रीन काढून पुन्हा हाताचे दांडे बसवायचं ठरवलं. बटणाने माणूस सुटत नाही, बटणात अडकतो.

एक आक्षेप मात्र मला पूर्ण खोडता येत नाही. कॅप्टनला नायक केलं की राष्ट्रभक्तीची भरती येते, शत्रू पुठ्ठ्याचा होतो आणि पुस्तक नौदल भरतीचं पत्रक बनतं. अशी पुस्तकं ढिगाने आहेत, सगळ्याच देशांत. यावर उतारा म्हणून नायक काढून टाकायची गरज नाही. चुका लपवायच्या नाहीत, एवढंच. आणि इथे भारतीय लेखकाची अडचण खरी आहे. शेफिल्ड, विन्सेन्स, मकेन यांचे चौकशी अहवाल आज कुणालाही वाचता येतात. आपल्याकडे १४ ऑगस्ट २०१३ ला मुंबईत सिंधुरक्षक पाणबुडीत स्फोट होऊन १८ जण गेले, २६ फेब्रुवारी २०१४ ला सिंधुरत्नवर धुराने दोन अधिकारी गेले आणि त्याच दिवशी नौदलप्रमुख अॅडमिरल जोशी यांनी जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. पण या अपघातांचे सविस्तर अहवाल लोकांसमोर नाहीत. शिडांच्या काळावरच्या ब्रिटिश कादंबऱ्यांचं काही भांडवल कोर्टमार्शलच्या जबान्यांमधून आलं. आपल्याकडच्या लेखकाच्या हाती बातमीच्या चार ओळी आणि शोकसभेचा फोटो येतो, मग तो फोटोसारखीच कादंबरी लिहितो. दोष द्यायचाच तर थोडा तिथेही द्यायला हवा.

तरी मराठी लेखकाला हात बांधून बसायचं कारण नाही, कारण या विषयाची पकड आपल्याकडे फार जुनी आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातलं आरमाराचं प्रकरण उघडा. ज्याच्याजवळ आरमार त्याचा समुद्र, हे वाक्य भाषणात सगळेच फेकतात. आंबा-फणसाची झाडं तोडू नका हेही शाळेत सांगतात. बाकीची पानं मात्र कुणी वाचत नाही, आणि ती निव्वळ कॅप्टनसाठी लिहिलेली आहेत: वारा प्रतिकूल झाला तर हट्टाने झुंजू नका, गाठ तोडून आपल्या किल्ल्याच्या आसऱ्याला या, ‘आपणास राखून गनीम घ्यावा’. आणि गनीम हार मानून कौल मागू लागला तर? एकदम त्याच्या जहाजावर उडी घालायची नाही, आपलं जहाज त्याच्या जवळ न्यायचं नाही. लांबूनच चहूबाजूंनी तोफांच्या माऱ्याखाली धरायचं आणि त्याच्या म्होरक्यांना आपल्या जहाजावर बोलवायचं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या त्या लेखकाला ठाऊक होतं की लढाईइतकाच, किंवा जास्तच, कठीण क्षण लढाई संपल्यासारखी वाटते तेव्हाचा असतो.

माझगाव गोदीत बांधलेली आयएनएस कोलकाता मार्च २०२४ मध्ये नेमक्या याच क्षणाशी चाळीस तास झुंजत होती. रुएन हे मालवाहू जहाज सोमाली चाच्यांनी डिसेंबरपासून बळकावलेलं, आत १७ खलाशी ओलीस, आणि जागा भारतीय किनाऱ्यापासून सुमारे २६०० किलोमीटरवर. जहाज बुडवता येत नाही, कारण आत माणसं आहेत. जवळ जाता येत नाही, कारण चाचे गोळीबार करताहेत. टेहळणीला पाठवलेला ड्रोन त्यांनी पाडला. सोडून द्यावं तर ते चाचेगिरीसाठी मदर शिप, म्हणजे तळाचं जहाज, म्हणून वापरलं जाणार. कोलकाताने मोजक्या माऱ्याने त्या जहाजाला पळता येणार नाही असं केलं, विमानातून नौदलाचे मार्कोस कमांडो समुद्रात उतरले, आणि अखेर ३५ चाच्यांनी शस्त्रं टाकली. सतराही खलाशी सुखरूप. किती अंतर ठेवायचं, कुठे नेम धरायचा, शरण आलोय म्हणणाऱ्यांपैकी कुणाला आधी बाहेर बोलवायचं, हे कोणीतरी ठरवलं, तासागणिक, आत १७ जीव आहेत हे डोक्यात ठेवून. त्या ३५ जणांना कोलकाताने मुंबईत आणून पोलिसांच्या हवाली केलं. तिथून हा मामला न्यायालयाचा झाला, आणि समुद्रावर त्या चाळीस तासांत दिलेल्या प्रत्येक हुकुमाचं कारण बचावपक्षाचा वकील खोदून विचारू शकतो.